तुटलं तर काय?

झाडावर चढायला किती पैसे लागतात? आमच्या नांदगावात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं आहे. काहीच नाही. कोयता कमरेला अडकवायचा आणि चढायचं. पैसे लागतात ते दुसऱ्याला चढवायला.

आणि तो दुसरा आता मिळत नाही. मुंबईकडून येताना हायवेवर कणकवलीच्या अलीकडे नांदगावचा तिठा लागतो, तिथून देवगडचा रस्ता फुटतो. कोकण रेल्वेचं नांदगाव रोड नावाचं छोटं स्टेशनही आहे. म्हणजे गावातून बाहेर पडायची सोय उत्तम, आणि आमच्या पिढीने ती मनापासून वापरली. मागे राहिले आईबाप आणि झाडं. नारळ पाडणारा पाडेली चार वाड्यांत मिळून एकच, पन्नाशी उलटलेला. त्याचा मुलगा मुंबईत एसी दुरुस्त करतो. तोही उंचावर लटकतोच, पण इमारतीच्या.

आमच्या घरामागे रायवळ आंब्याचं एक जुनं झाड आहे. पन्नासेक फूट उंच, आणि अर्ध्या माथ्यावर बांडगूळ. शहरात बांडगूळ ही शिवी आहे, कोकणात तो रोग आहे. त्याची चिकट फळं पक्षी खातात, चोच नि शेपूट पुसताना बी फांदीला चिकटतं, तिथेच रुजतं आणि मुळं फांदीच्या आत घालून तिचं पाणी पितं. नुसती पानं खुडून भागत नाही, मुळं जिथवर शिरली त्याच्या खालून फांदी कापावी लागते. पाडेलीकाकांनी झाडाकडे एकदा वर पाहिलं आणि मान हलवली. इतक्या लांब, बारीक फांद्यांच्या टोकाला जायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. मग मी म्हटलं, दोर लावून मीच चढतो. कॉलेजात असताना सह्याद्रीत ट्रेकिंग ग्रुपबरोबर दोरावर चढणं-उतरणं शिकलो होतो. कड्याऐवजी झाड, एवढाच काय तो फरक, असं वाटलं. फरक त्याहून बराच मोठा निघाला, पण आधी खर्चाचं बोलू.

या पद्धतीला सिंगल रोप टेक्निक म्हणतात, थोडक्यात एसआरटी. एक बारीक दोरी वजन बांधून उंच फांदीवरून पलीकडे फेकायची, तिच्या मागून खरा दोर ओढून घ्यायचा, दोराचं एक टोक पक्कं करायचं आणि दुसऱ्या टोकावरून आपण चढायचं. खोडाला मिठी मारायची नाही, खिळे ठोकायचे नाहीत. दोर हलत नाही, आपण दोरावर सरकतो. गुहांमध्ये उतरणारे लोक आणि जंगलाच्या माथ्यावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ ही पद्धत बरीच वर्षं वापरत आले आहेत. डोनाल्ड पेरी या जीवशास्त्रज्ञाने उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत दोराने कसं पोचायचं यावर १९७८ मध्ये शोधनिबंध लिहिला. आपले गिर्यारोहक ज्याला ‘जुमारिंग’ म्हणतात त्यातला जुमारही मुळात पक्ष्यांसाठी आला. आडोल्फ युसी नावाचा स्विस माणूस गरुडांचा अभ्यास करत होता, त्याला घरट्यांपर्यंत दोराने चढायचं होतं. वाल्टर मार्टीबरोबर त्याने १९५८ मध्ये दोराला एकाच दिशेने पकडणारी मूठ बाजारात आणली. दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून झालं जुमार.

सामानाची यादी करायला बसलो तर ती संपेना. परदेशी व्हिडिओत दिसणारा माणूस जे अंगावर घालून चढतो त्याची बेरीज केली तर एक बरी सेकंड-हँड मोटरसायकल येईल. दुसरीकडे हार्डवेअरच्या दुकानात निळा-पिवळा दोर किलोवर मिळतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं?

मला थांबायची जागा आजीने दाखवली. ओटीवर सगळं पसरून मी तिला समजावत होतो, की हा दोर, ही मूठ, हा पट्टा. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आणि दोर तुटलो तर?”

सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही हाच प्रश्न दिवसभर विचारतो. हा सर्व्हर पडला तर काय? ज्या एका गोष्टीच्या पडण्याने सगळंच पडतं, तिच्यावर पैसे वाचवायचे नाहीत, एवढं तर पहिल्याच नोकरीत शिकवतात. मग मी यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे आजीचा प्रश्न लिहिला. उत्तरं तीनच प्रकारची आली. तुटलं तर वेळ जाईल. तुटलं तर त्रास होईल. तुटलं तर मी जाईन. तीन ढीग झाले आणि खरेदी सोपी झाली.

पहिला ढीग, वेळ जाईल. यात फेकायची बारीक दोरी आणि तिचं वजन. बाहेरदेशी यासाठी खास पिशव्या मिळतात. आपल्याला त्याची गरज नाही, कारण आपल्याजवळ समुद्र आहे. देवगड-मालवणच्या कुठल्याही मासेमारीच्या दुकानात विणलेली नायलॉनची बारीक दोरी मिळते आणि जाळ्याला लावायचं शिसंही मिळतं. तीनेकशे ग्रॅम शिसं जाड कापडात शिवलं की झालं काम. एकधागी, काचेसारखी गळाची दोरी मात्र घेऊ नये. तिला वळ्या पडतात, गाठी बसतात आणि ती बोटं कापते. फेक चुकली तर पुन्हा फेकायची. दोरी तुटली तर शिसं झाडावर राहील. फक्त खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट हवं. दोर ठेवायला सिमेंटची धुतलेली गोण चालते. झाडाची साल सोलवटू नये म्हणून दोराखाली घालायला जुन्या कॅनव्हासची नळी शिवता येते.

दुसरा ढीग, त्रास होईल. पायाला बांधायचा असेंडर, गुडघ्याचा असेंडर, जाड गादीचं सॅडल, बेअरिंगवाल्या पुली. यांनी वेग येतो, दम कमी लागतो. दिवसाला दहा झाडं करणाऱ्याला ते हवंच. वर्षाला दोन झाडं करणाऱ्याला नको. पायाचा फासा पट्टीच्या तुकड्याला गाठ मारून होतो. या ढिगातली एकही वस्तू मी पहिल्या वर्षी घेतली नाही.

तिसरा ढीग, मी जाईन. दोर, हार्नेस, चढायची मूठ, उतरायचं यंत्र, कॅराबिनर, कमरेचा दुसरा पट्टा, हेल्मेट. इथे ‘स्वस्त’ हा शब्दच बदलून घ्यावा लागतो. इथे स्वस्त म्हणजे ज्याच्यावर प्रमाणाचा आकडा छापला आहे त्यातलं सगळ्यात साधं.

दोराचं उदाहरण घ्या. चढाईला लागतो तो कमी ताणणारा, आतला गाभा आणि वरचं विणलेलं आवरण असा दोन थरांचा दोर. त्याचं युरोपीय प्रमाण ईएन १८९१, त्यातला ‘ए’ प्रकार. या प्रकारच्या दोराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २,२०० किलोंचा ताण सोसला पाहिजे. एवढं कशाला, आपण तर ७० किलोंचे? कारण गाठ मारली की ताकद बरीच घटते, घासली की आणखी घटते, उन्हाने आणखी, आणि झटका बसला तर ७० किलोंचे ७० राहत नाहीत. प्रस्तरारोहणाचा ताणणारा दोर इथे नको. तो पडणाऱ्याला झेलायला बनवलेला असतो, त्यावर चढायला गेलं की माणूस रबरावरच्या खेळण्यासारखा वरखाली होतो. आणि हार्डवेअरमधला निळा-पिवळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. उन्हात तो भुसभुशीत होतो आणि १६० अंशांच्या थोडं वर वितळतो. घर्षणाने तेवढी उष्णता सहज निर्माण होते. होडी बांधायला तो उत्तम. होडी पडत नाही.

हार्नेसच्या बाबतीत आपल्याकडे वेगळाच घोटाळा आहे. बांधकामावरचा ‘सेफ्टी बेल्ट’ सगळीकडे मिळतो, स्वस्तही असतो, त्यावर भारतीय मानकाचा आकडाही असतो. त्यात खोट काही नाही. पण त्याची मुख्य कडी पाठीवर असते, कारण तो पडल्यावर झेलायला आहे, बसून काम करायला नाही. त्यात पाठीवरून लटकलेला माणूस दोर हातात धरू शकत नाही, आणि जास्त वेळ लटकला तर पायातलं रक्त परतणं अडून जिवावर बेतू शकतं. झाडासाठी पोटापुढे कडी हवी, आणि फांद्यांमध्ये तोल धरायला कमरेच्या दोन बाजूंना दोन.

चढ-उताराची रचना मी दोनच यंत्रांवर बसवली. पोटापुढच्या कडीत स्वतः लॉक होणारं डिसेंडर, त्याच्या वर दोरावर हाताची मूठ, मुठीला पायाचा फासा. मूठ आपल्या हार्नेसलाही जोडलेली. फाशात उभं राहायचं, सैल झालेला दोर डिसेंडरमधून ओढून घ्यायचा, बसायचं, मूठ वर सरकवायची. एका वेळी हातभर. मुंगीच्या पावलाने, पण उतरायचं ठरलं की फक्त मूठ काढायची आणि डिसेंडरचा दांडा हळू दाबायचा. याहून स्वस्त हवं तर प्रुसिकची गाठ आहे. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. आठ मिलिमीटरच्या दोरीच्या दोन फाशांवर माणूस अकरा मिलिमीटरच्या दोरावर चढू शकतो. पण उतरताना एकेरी दोरावर नुसती गाठ एकतर आवळून बसते किंवा घसरताना तापते. म्हणून प्रुसिकचे फासे मी अडीअडचणीसाठी हार्नेसला लावून ठेवले आणि पैसे डिसेंडरवर घातले. माझ्या यादीत सगळ्यात महाग वस्तू तीच.

यातलं काय वापरलेलं घ्यावं? धातूचं, नीट तपासून, ओळखीच्या माणसाकडून. कापडी काहीही नाही. दोर आणि हार्नेस आपला इतिहास सांगत नाहीत. बहुतेक उत्पादक कापडी वस्तूंना, न वापरताही, बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. आणि कोकणातल्या घरात दोराचे शत्रू भरपूर. उंदीर आहेत, काजूच्या टरफलांचं तेल आहे, आणि ज्या कोपऱ्यात आपण दोर सहज टाकू त्याच कोपऱ्यात इन्व्हर्टरची बॅटरी असते. तिच्या ॲसिडच्या वाफेने नायलॉन खराब होतं, आणि बाहेरून दिसत नाही.

सगळ्यात मोलाच्या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत. पहिली, दोर कुठे बांधायचा. फांदीवरून टाकलेला दोर खाली बुंध्याला बांधला तर फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण एका बाजूने तुम्ही ओढता आणि दुसऱ्या बाजूने तेवढंच बुंधा ओढतो. सत्तर किलोंचा माणूस फांदीला एकशेचाळीस किलोंचा. तोच दोर वर फांदीलाच गाठीने आवळला तर भार फक्त तुमच्याएवढा. पण मग तुम्ही वर बेशुद्ध पडलात तर खालचा माणूस तुम्हाला उतरवू शकत नाही. खाली बांधला, आणि तोही सोडता येईल अशा पद्धतीने, तर उतरवू शकतो. दोन्हींत काहीतरी द्यावं लागतं. फांदी दणकट आणि खाली माणूस असेल तर मी बुंध्याला बांधतो. खाली माणूस नसेल तर चढतच नाही.

दुसरी फुकट गोष्ट पाडेलीकाकांकडे होती. माझं सामान पाहून झाल्यावर ते म्हणाले, “झाड पयला बघूचा, दोर मगे.” मग आम्ही अर्धा तास झाडाभोवती फिरलो. बुंध्याशी अळंबी आहे का, म्हणजे आतून कुजलंय का. खोडावर भुसा पडलाय का, म्हणजे खोडकिडा आहे का. कोयत्याच्या पाठीने ठोकून आवाज भरीव येतो की पोकळ. कुठली फांदी गेल्या वर्षी पालवली नाही. हुमल्यांची घरटी कुठे आहेत, कारण दोरावर लटकलेल्याला मुंग्या झटकायला हात नसतात. फणसावर भरवसा ठेवावा, जांभळावर ठेवू नये, शेवग्याकडे तर बघूही नये. कड्याचा दगड लाखो वर्षं तिथे असतो. फांदी मात्र जिवंत आहे, आणि जिवंत गोष्ट मरतेही. कड्यात आणि झाडात हाच तो फरक. तिसऱ्या ढिगातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू, फांदी, कुठल्याच दुकानात मिळत नव्हती, आणि तिचं प्रमाणपत्र देणारा माणूस माझ्यासमोर बनियनवर उभा होता.

फांदी निवडल्यावर दोर टाकून आम्ही दोघे एकदम त्याला लटकलो आणि झटके दिले. दोघांना पेललं तर एकाला पेलेल. ही चाचणीही फुकट.

पण प्रमाण आणि अनुभव दोन्ही असूनही माणूस पडतो, हे विसरू नये. नलिनी नाडकर्णी हे नाव जंगलाच्या माथ्यावरच्या संशोधनात जगभर घेतलं जातं. वडील भारतीय, संशोधन अमेरिकेत आणि कोस्टा रिकात, झाडांवर चढण्याचा अनुभव तीन दशकांहून जास्त. २०१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात काम करताना चढण्याच्या सामग्रीने दगा दिला आणि त्या सुमारे ५० फुटांवरून पडल्या. अनेक हाडं मोडली. त्या वाचल्या, पुन्हा उभ्या राहिल्या आणि संशोधनाला परतल्या. ५० फूट म्हणजे आमचा आंबा.

त्यांची गोष्ट वाचल्यावर मी एक नियम पक्का केला. धार हातात असेल तेव्हा एका दोरावर राहायचं नाही. ताणलेल्या दोराला कोयत्याचा नुसता स्पर्श पुरतो. म्हणून करवत काढायच्या आधी कमरेचा दुसरा पट्टा, आत पोलादी तार असलेला, दुसऱ्या फांदीला अडकवायचा. यादी करताना हा पट्टा नेहमी ‘पुढच्या वेळी घेऊ’ या रांगेत जातो. तो पहिल्या वेळीच घ्यावा.

माझी बेरीज पस्तीस हजारांच्या आसपास झाली. भाव बदलत राहतात, म्हणून आकड्यापेक्षा वाटणी लक्षात ठेवा. पहिल्या ढिगाला काही शे रुपये, दुसऱ्याला शून्य, बाकी सगळं तिसऱ्याला. काकांना आकडा सांगितला तेव्हा ते मोठ्याने हसले. “एवढ्यात गाय येता मरे!”

मग मी मनातल्या मनात एक भागाकार केला, आणि हसू आलं नाही. काका नारळाच्या एका झाडाला शंभर रुपये घेतात. माझं सामान म्हणजे त्यांची साडेतीनशे झाडं. साडेतीनशे वेळा पायात काथ्याची वळी घालून वर जायचं, तेव्हा माझ्या दोन झाडांची सुरक्षितता विकत येते. आणि आम्ही सगळे त्या शंभरांतही घासाघीस करतो. त्या शंभरांत त्यांची मेहनत धरली आहे, वेळ धरला आहे. पडण्याची शक्यता कुणीच धरलेली नाही. तिची किंमत ते स्वतः भरतात, आणि ती भरायची वेळ आली तर एकदाच भरतात.

नारळाला माझी एसआरटी चालत नाही. दोर टाकायला फांदीच नाही, आणि झावळी केव्हा सुटून येईल याचा नेम नाही. पण तिथे काही नाहीच असंही नाही. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या एम. जे. जोसेफ यांनी बनवलेलं, पायाने चालवत चढायचं लोखंडी यंत्र आता सगळीकडे माहीत आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाने तरुणांना त्यावर शिकवायला सुरुवात केली, आणि चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विमा योजनाही आहे. आंब्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे, देठासकट फळ काढणारा, जमिनीवरून. चढावंच लागू नये, ही सगळ्यात स्वस्त सामग्री.

काकांना यंत्र नको होतं, जड आहे म्हणाले. मी आग्रह केला नाही. माझा हार्नेस त्यांना घालून दिला आणि पोलादी पट्टा नारळाच्या खोडाभोवती दोन वळसे घालून आवळला, म्हणजे तो घसरून खाली येत नाही. माणसाच्या उंचीवर, जमिनीपासून जेमतेम चार फूट. ते मागे रेलले. आधी थोडं, मग पूर्ण. दोन्ही हात सोडले, हवेत हलवून पाहिले. मला वाटलं होतं ते सुरक्षिततेबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “हात मोकळे रवतत.” आयुष्यभर एका हाताने झाड धरून दुसऱ्याने नारळ तोडलेल्या माणसाला दोन हात मिळाले होते.

हार्नेस, हेल्मेट आणि पोलादी पट्टा एवढंच घेतलं तर खर्च माझ्या यादीच्या एक तृतीयांश होतो. बारा हजार. आमच्या वाडीत घरं बारा. घरामागे हजार रुपये, म्हणजे प्रत्येकाने दहा नारळ पाडून घेण्याचा खर्च, एकदाच. मी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा हिशेब टाकला आहे. चार घरांनी होकार दिला, दोघांनी अंगठा दाखवला, एकाने विचारलं की काका इतकी वर्षं पडले का कधी. त्याला मी फक्त आजीचा प्रश्न पाठवला.